प्रस्तावित स्थानकापासून पाच मिनिटं

आमचं घर सातव्या मजल्यावर आहे आणि इमारत चौथ्या मजल्यावर थांबलेली आहे. कोणी विचारलं की मी असंच सांगते. समोरचा आधी हसतो, मग माझ्या तोंडाकडे बघून हसू आवरतो. खरं तर आवरायची काही गरज नाही. पहिल्यांदा हे वाक्य तोंडातून गेलं तेव्हा मलाही हसूच आलं होतं.

माझं आयुष्य मुद्रितं तपासण्यात गेलं. सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात मी मुद्रितशोधक होते. पाठ्यपुस्तकांची मार्गदर्शकं, दिवाळी अंक, पूजाविधीच्या पुस्तिका, लग्नपत्रिका, काय येईल ते. तपासणं म्हणजे वाचणं नव्हे, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात माझ्या हातून एक वेलांटी निसटली, तेव्हा मालकांनी समोर बसवून सांगितलं होतं, "बाई, तुम्ही गोष्टीत रमलात. गोष्टीत रमलं की चूक दिसत नाही. शेवटच्या ओळीपासून वर वाचत जा." मी तेव्हापासून पान खालून वर वाचते. असं वाचलं की अर्थ लागत नाही, फक्त अक्षरं उरतात आणि चुकीचं अक्षर लगेच डोळ्यांत खुपतं. मी शेकडो पुस्तकं तपासली आणि त्यातलं एकही वाचलं नाही, असं मी गमतीने सांगायचे. लोकांना ते फार आवडायचं.

आमच्या ह्यांची गोष्ट वेगळी. हे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, यांचे वडीलही तिथेच. हे क्वार्टरमध्ये जन्मले, क्वार्टरमध्ये वाढले, लग्न होऊन मी आले तीही क्वार्टरमध्येच. खोल्या बऱ्या होत्या, झाडं होती, स्टेशन जवळ होतं. पण घर आपलं नाही हे भिंती रोज सांगायच्या, कारण भिंतींना खिळे ठोकायची बंदी होती. क्वार्टर सोडताना माणूस येऊन भोकं मोजतो आणि त्याचे पैसे कापतो, असं म्हणायचे. खरंच कापतात की नाही हे कोणी बघितलं नव्हतं, पण सासरे घाबरून असायचे आणि हे वडिलांच्या वरताण. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं. सासरे गेले, त्यांचा फोटो मोठा करून चौकटीत बसवून आणला, तोही कपाटावर भिंतीला टेकवून ठेवला. फोटोला हार घातला की तो पुढे घसरायचा, म्हणून हार फोटोच्या पायाशी.

निवृत्तीला दोन वर्षं असताना हे बोहरी आळीतून एक हातोडी आणि पाव किलो खिळे घेऊन आले. मी विचारलं, "हे कशाला?"

"आपल्या घरात वडिलांचा फोटो लावायला."

"आणि आपलं घर कुठंय?"

"ते तू बघ. खिळे मी आणलेत."

हातोडी आणि खिळे बिस्किटांच्या जुन्या डब्यात गेले आणि डबा पलंगाखाली. अधूनमधून हे डबा उघडून खिळ्यांना खोबरेल तेलाचं बोट लावायचे, गंज चढू नये म्हणून. यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मोजमाप केसभरही चुकलं नव्हतं, असं यांचे सोबती सांगतात. अशा माणसाची आयुष्यात एकच मागणी होती, स्वतःच्या भिंतीत एक खिळा. मी तीही नीट पुरवली नाही. हे लिहितानासुद्धा मला स्वतःचा राग येतो.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडलं आणि बिबवेवाडीत भाड्याने आलो. अकरा महिन्यांच्या करारात चौथंच कलम होतं, 'भाडेकरू भिंतींना खीळे ठोकणार नाही.' मी खी ऱ्हस्व करून दिला आणि सही केली.

बिबवेवाडीतच यांनी एक घर शोधलं होतं. दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही, इमारत जुनी. विकणारे आजोबा मुलाकडे चालले होते. हे तिथे गेले, कोणाला काही न विचारता बाहेरच्या खोलीची भिंत बोटाच्या पेराने ठोकून पाहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वीट आहे. पक्की आहे." एवढं हसू यांच्या तोंडावर मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

मी ते घर नाकारलं. कारणं माझ्याकडे भरपूर होती. जुन्या घराची किंमत वाढत नाही. म्हातारपणी जिने चढवणार नाहीत. आणि खरं कारण म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने बाणेरच्या बाजूला कधी काळी माळरानावर फ्लॅट घेतला होता, त्याची किंमत आता किती झाली हे ती दर भाऊबीजेला न विचारता सांगायची. शहाणी माणसं घर घेत नाहीत, गुंतवणूक करतात, हे मी तिच्याकडून शिकले. नव्या बांधकामात आधी शिरायचं, मेट्रो आली की भाव चढतो, मग विकायचं आणि त्या पैशात पेठेत दोन खोल्या घ्यायच्या, माझ्या ओळखीच्या रस्त्यांवर. असा माझा हिशेब. मी त्याला गुंतवणूक म्हणत होते आणि हे घर म्हणत होते. आम्ही दोघं वेगवेगळ्या वस्तू विकत घ्यायला एकाच रिक्षात बसून गेलो.

नगर रस्त्याला शहर संपलं असं वाटतं, त्याच्या पुढे अर्धा तास गेल्यावर ती जागा होती. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांचा काही दोष नाही. कमान, कारंजं, थंडगार ऑफिस आणि टाय लावलेला एक तरुण सेल्समन. "मॅडम, लोकेशन बघा ना. आयटी पार्क जवळ, रिंग रोड जवळ, एअरपोर्ट जवळ. अप्रिसिएशनची तर गॅरंटीच आहे." सगळंच जवळ होतं, फक्त आम्ही जिथून आलो होतो ते पुणं तेवढं लांब होतं. हे मी तेव्हा म्हटलंही. तो हसला आणि आम्हाला सॅम्पल फ्लॅट दाखवायला घेऊन गेला.

सॅम्पल फ्लॅट म्हणजे जमिनीवरच उभा केलेला नमुना. वरचे सगळे फ्लॅट असेच होणार, म्हणून आधी एक करून दाखवायचा. फिक्या निळ्या भिंती, पुठ्ठ्याचा टीव्ही, फळीवर पुस्तकं. एक पुस्तक मी सवयीने काढलं तर तो रिकामा खोका निघाला. त्या क्षणी माणसाने बाहेर पडावं. पण मी खोका जागेवर ठेवला आणि कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून मागे बघितलं. हे बाहेरच्या खोलीत भिंतीपाशी उभे होते. बोट वाकवून हात भिंतीकडे नेत होते.

"अहो," मी दबक्या आवाजात म्हटलं, "हात काय लावताय? नमुना आहे तो."

यांनी हात खाली घेतला. तेवढं एक बोट त्या दिवशी भिंतीला लागलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. ते लागू दिलं नाही मी.

ऑफिसात परत आल्यावर त्याने मराठीतलं माहितीपत्रक दिलं आणि माझं डोकंच फिरलं. 'सर्व सुवीधांनी यूक्त', 'निसर्गाच्या सानीध्यात'. मी पर्समधून लाल पेन काढलं. तो तरुण बघतच राहिला. मग आतून त्याचे साहेब आले, खुर्ची ओढून समोर बसले आणि अगदी हात जोडून म्हणाले, "मॅडम, आपणच तपासून द्या ना. आमच्याकडे एवढं मराठी कोणाला येतं?" छापखाना बंद होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. वर्षभरात मला कोणी काही तपासायला दिलं नव्हतं. मला त्या माणसाने हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढले, पुढची सगळी वर्षं तिथेच बसायला.

घरी आणून मी एका बैठकीत ते तपासलं. खालून वर. पहिल्या पानावर, म्हणजे माझ्यासाठी शेवटी, मोठ्या अक्षरांत ओळ होती, 'प्रस्थावित मेट्रो स्थानकापासून फक्त पाच मिनिटे!' थ वर काट मारली, समासात त लिहिला. उद्गारचिन्ह काढून पूर्णविराम दिला, कारण सभ्य मजकुराला ओरडावं लागत नाही. पंधरा दिवसांत पत्रक नवं छापून आलं, सोबत पेढ्यांचा पुडा. एकही चूक नव्हती. मी ते शेजारीपाजारी दाखवलं. यांच्या फंडाची जवळजवळ सगळी रक्कम त्या आठवड्यात तिकडे गेली. करारनामा मी दोनदा तपासला. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या खूप चुका होत्या आणि त्या मी सगळ्या काढल्या.

पहिलं वर्ष बरं गेलं. हे दर दोन महिन्यांनी बसने जायचे, चढलेले मजले मोजून यायचे. दोन झाले, तीन झाले, चौथ्याचा स्लॅब टाकून झाला. चौथ्याच्या स्लॅबवर लोखंडी सळ्या वर काढलेल्या होत्या, पाचव्यासाठी. त्या तशाच राहिल्या. भागीदारांत काही बिनसलं, जमिनीवर कोणी दावा लावला, मग मंजुरी अडकली, दर वेळी नवं कारण कळायचं आणि दर वेळी ते खरंच असायचं. आमचा बिल्डर पळून गेला नाही. पळाला असता तर निदान लोकांनी हळहळ केली असती. तो ऑफिसात बसलेला असतो, भेटायला गेलं की चहा पाजतो, "थोडा पेशन्स ठेवा" म्हणतो आणि जिन्यापर्यंत सोडायला येतो. तक्रार केलेली आहे. सुनावणीची तारीख पडते, मग पुढची पडते.

एकदा मीही यांच्याबरोबर गेले. परतीच्या बसची वाट बघत होतो. मी टपरीवाल्याला विचारलं, "मेट्रोचं स्थानक कुठे होणार हो इथे?"

तो तंबाखू मळता मळता थांबला. "कंची मेट्रो?"

घरी येऊन मी माझ्या फायलीतून पत्रक काढलं. माझ्या लाल खुणांचं जुनंही आणि नवंही. त्या दिवशी ते मी आयुष्यात पहिल्यांदा वरून खाली वाचलं. प्रस्तावित मेट्रो स्थानक. प्रस्तावित उड्डाणपूल. नियोजित शाळा. भविष्यातील रुग्णालय. कुठेही खोटं लिहिलेलं नव्हतं. स्थानक आहे असं ते म्हणतच नव्हते. त्यांच्या मनात कधी तरी स्थानक यावं असं आहे आणि ते आलं तर आपलं घर तिथून पाच मिनिटांवर असेल, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आणि हे म्हणणं ज्या एका शब्दात होतं, त्याच शब्दावर माझं पेन थांबलं होतं. थ दिसला, शब्द दिसला नाही.

मी यांना काही सांगितलं नाही. दोन्ही पत्रकं फायलीत परत ठेवली आणि फाइल साड्यांच्या खाली सरकवली. यांनी विचारलं, "काय बघतेस?" मी म्हटलं, "काही नाही, जुनी प्रुफं." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मी पहिल्यांदा यांच्याशी सरळ खोटं बोलले आणि ते मला सहज जमलं, याची मला जास्त लाज वाटली.

आमच्यासारखे जे अडकलेत त्यांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. सुरुवातीला तिथे फार आरडाओरडा चालायचा, वकील, मोर्चा, उपोषण. हल्ली सकाळी सुविचार येतात आणि कोणी गेलं तर श्रद्धांजली. एकदा असंच कोणी तरी विचारलं, आपण सगळे फसलो कसे? प्रत्येकाने आपापलं लिहिलं. शिरूरकडच्या एका शिक्षिकेने लिहिलं होतं, "बाकीच्या बिल्डरांची पत्रकं अशुद्ध असायची. यांचं मराठी इतकं शुद्ध होतं की मला वाटलं, माणसं शिकलेली, सुसंस्कृत असणार." खाली सात जणांनी अंगठे दिले होते. मी फोन उपडा ठेवला.  मी कोणाचं घर बुडवलं नाही, असं माझं मला सांगत राहिले, आणि मला ते पटलं नाही.

मागच्या वर्षी यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात दिसायचं, मग सहीत. सदाशिव पेठेत डॉक्टरांकडे नेलं. कंपवात आहे म्हणाले, हळूहळू वाढेल, गोळ्यांनी थोडं लांबवता येईल. हे बाहेर आले, फुटपाथवर उभे राहून उजव्या हाताकडे बघत राहिले, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखं. घरी आल्यावर पलंगाखालचा डबा ओढून बघितला आणि तसाच आत सरकवला. त्या आवाजाने मला कळलं की आता थांबायला वेळ नाही.

गेल्या महिन्यात हे एका सकाळी म्हणाले, "एकदा जाऊन येऊ." कुठे ते विचारावं लागलं नाही. यांच्या खांद्याला पिशवी होती आणि ती जड होती. आत काय आहे हेही मी विचारलं नाही.

कमान अजून आहे. कारंज्यात वाळलेली पानं. चार मजल्यांचा सांगाडा उभा आणि वर त्या सळ्या, पार गंजलेल्या. आम्ही खाली उभे राहिलो. यांनी डावं बोट वर केलं. "चार. पाच, सहा, सात. तिथे आपली बाहेरची खोली." बोटाच्या टोकाला निळं आकाश होतं आणि त्यात एक घार. मला रडू आलं नाही. रडायलासुद्धा काही तरी बाकी असावं लागतं.

सॅम्पल फ्लॅट मात्र उभा होता. दाराशी धुणं वाळत होतं. तिथे आता राखणदाराचं कुटुंब राहतं, गावातलंच. राखणदार शेळ्या घेऊन गेला होता, त्याची बायको दारात जोंधळे निवडत होती. तिने आम्हाला ओळखलं नाही, पण आम्ही कोण असणार हे तिला माहीत होतं.

"फ्लॅटवालं का? या, बसा आत. हितं आता तुमच्याबिगर कोण येतंय?"

आम्ही आत गेलो. फिका निळा कागद कोपऱ्यांतून सुटला होता. पुठ्ठ्याच्या टीव्हीपुढे खरा छोटा टीव्ही ठेवला होता. पुस्तकांचे खोके बहुतेक चुलीत गेले असावेत. तिने पाणी दिलं, चहा टाकला. सगळ्या प्रकल्पात तेवढ्या एकाच घरात माणसं राहत होती आणि ती आमच्यातली नव्हती. तरी मला तिचा हेवा वाटला.

यांनी पिशवी मांडीवर घेतली. आधी डबा काढला. मग टॉवेलात गुंडाळलेला सासऱ्यांचा फोटो. तिच्याकडे बघून फार संकोचाने म्हणाले, "बाई, इथे या भिंतीत एक खिळा ठोकला तर चालेल का? फोटो लावून बघायचा होता. लगेच काढून घेईन."

ती हसली. "ठोका की, बाबा. भित काय माझ्या बापाची हाय?"

हे उठले. बाहेरच्या खोलीच्या त्याच भिंतीपाशी, जिथे मी यांचा हात थांबवला होता. यांनी खिळा डाव्या हातात धरला. उजव्या हातातली हातोडी थरथरत होती. मी धरायला पुढे झाले तर यांनी मानेने नको म्हटलं. पहिला घाव बोटावर बसला. यांनी बोट झटकलं, पुन्हा नेम धरला, श्वास रोखला आणि दुसरा घाव घातला. तो बरोबर बसला. अगदी पूर्वीसारखा.

खिळा माथ्यासकट आत गेला. ठक असा आवाजसुद्धा झाला नाही. कागदाला रुपयाएवढं भोक पडलं, आतला भुसा यांच्या चपलांवर सांडला आणि भिंतीपलीकडे खिळा कुठे तरी जमिनीवर पडल्याचा बारीक आवाज आला.

हे भोकाजवळ सरकले. मग बोट वाकवून त्याच्या शेजारी पेराने ठोकलं. पोकळ वाजलं. यांनी हातोडी डब्यात ठेवली, झाकण नीट बसवलं, फोटो टॉवेलात गुंडाळला. बाईने चहा आणला तो आम्ही प्यायलो. यांचा कप मी खालून धरला होता.

बाहेर रस्त्यावर आल्यावर हे म्हणाले, "भिंतसुद्धा प्रस्तावितच निघाली."

मी चालायची थांबले. हे माझ्याकडे न बघता चालत राहिले आणि पुढे जाऊन म्हणाले, "स ला त जोडायचा ना? थ नाही."

साड्यांखालची फाइल यांनी कधी बघितली होती, किती वर्षं माहीत होतं, मी विचारलं नाही.

"हो," मी म्हटलं, "त."